गरम पेटी

बर्फेकाकांचं खरं आडनाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. बाकी गेटवरच्या रखवालदारापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ते बर्फेकाकाच. उभ्या आयुष्यात माणसानं एकच काम केलं होतं: एकाच्या शरीरातून काढलेली किडनी बर्फात घालायची आणि ती दुसऱ्याच्या शरीरात जाईपर्यंत जिवापाड जपायची. पूर्वी नुसता बर्फाचा डबा असायचा. मग थंड यंत्र आलं, ते किडनीतून गार पाण्यासारखं औषध फिरवत राहायचं. दोन्हींत मर्म एकच होतं. गार पडलेली किडनी झोपते, आणि झोपलेल्याला भूक लागत नाही. तास-दोन तास इकडचे तिकडे झाले तरी तिची फारशी तक्रार नसते. त्यामुळे काकांच्या स्वभावातही हळूहळू गारवा मुरला. ते कधी धावले नाहीत, कधी कुणावर ओरडले नाहीत. दुसरं कुणी धावपळ करायला लागलं की म्हणायचे, "थंड घ्या. तिला घाई नाही, मग तुम्हाला कसली?" हे ऐकून ऐकून सगळ्या मजल्याचे कान किटले होते.

मग गरम पेटी आली आणि काकांचं शास्त्रच उलटंपालटं झालं. या पेटीत किडनीला झोपू द्यायचं नसतं, उलट उठवायचं असतं. बर्फातून काढून तिच्या धमनीत नळी बसवायची आणि रक्तपेढीतून आणलेलं, स्वच्छ धुतलेलं रक्त अंगातल्याइतकंच कोमट करून, प्राणवायू मिसळून तिच्यात सोडायचं. किडनीला वाटतं, आपण परत माणसात आलो. राखाडी रंग उतरतो, ती गुलाबी होते, आणि नशीब असेल तर चक्क लघवी करायला लागते. एका बारीक नळीतून खालच्या भांड्यात थेंब पडतो. ज्या किडनीबद्दल डॉक्टरांच्या मनात शंका असते तिची परीक्षा अशी शरीराबाहेरच घेता येते. पास झाली तर आत, नापास झाली तर बाहेर. अशा शंकेखातर पूर्वी किती किडन्या फेकून दिल्या याचा विचार मोठे डॉक्टर कधी कधी मोठ्यानं करायचे आणि मग गप्प बसायचे.

काकांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, प्रमाणपत्रही मिळवलं. पेटी त्यांना चालवता येत नव्हती असं कुणी म्हणू नये. पण मनातून त्यांची तिच्याशी गट्टी जमली नाही. थंड यंत्र म्हणजे घरातला जुना माणूस, सांगाल तिथे बसून राहील. आणि ही बया तान्ह्या पोरासारखी, पाठ वळली की भोकाड पसरणार. पेटीबरोबर एक मुलगीही कामावर आली होती. ती थेट गरम पेटीवरच शिकलेली, थंड यंत्राचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं. तिला सगळे नवी म्हणायचे. येऊन चार वर्षं झाली, लग्न झालं, तरी ती नवीच. नवीला एक खोड होती. पेटी सुरू करण्याआधी ती शेजारी बर्फानं भरलेली बादली ठेवायचीच. पेटी दगा द्यायला लागली तर किडनी ताबडतोब काढायची, गार औषधानं धुवायची आणि बर्फात घालायची, हा नियम होता. कारण गरम किडनी जागी असते, आणि जाग्या किडनीला रक्त मिळालं नाही तर ती बघता बघता मरते. काका तिची थट्टा करायचे, की बाई गं, गरम पेटी म्हणून मिरवता आणि शेवटी पाय धरता ते माझ्या बर्फाचेच.

आता टाकेबाईंचं सांगितलं पाहिजे, कारण ही सगळी गोष्ट त्यांच्या जिवाची आहे.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईखात्याला लागून एक अरुंद खोली होती. तिथे एक शिलाई मशीन, एक उंच स्टूल आणि छतापर्यंत रचलेले हिरव्या कपड्यांचे गठ्ठे. ऑपरेशनच्या चादरी, डॉक्टरांचे गाऊन, टोप्या, जे काही उसवेल, फाटेल ते या बाईंकडे यायचं. मोठे डॉक्टर माणसांना टाके घालायचे आणि ही बाई चादरींना, म्हणून त्यांनीच हे नाव पाडलं होतं. आपले टाके जास्त टिकतात हे टाकेबाई त्यांना तोंडावर ऐकवायच्या. एक दिवस त्या खाली बसून शिवायच्या आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर डायलिसिसच्या खाटेवर पडायच्या. असं बरीच वर्षं चाललं होतं. हॉस्पिटलशी इतका घरोबा झाला होता की पेशंट म्हणून त्यांचं अप्रूप कुणालाच राहिलं नव्हतं.

त्यांच्या नवऱ्यानं फार पूर्वी त्यांना आपली एक किडनी दिली होती. नवरा चौकात खोपट्याएवढ्या दुकानात बसून किल्ल्या करायचा. ती किडनी काही वर्षं छान चालली आणि मग हळूहळू बसली. बसली ती बसली, पण जाताना बाईंच्या रक्ताला असा धडा शिकवून गेली की पुढे त्या रक्तानं कुणाचीच किडनी आपली म्हणायला नकार दिला. यादीत नाव वर होतं, किडन्याही येत होत्या, पण दर वेळी प्रयोगशाळेतून उत्तर यायचं की जमत नाही. तिकडे डायलिसिससाठी सुई टोचायला जागा उरली नव्हती. दोन्ही हातांच्या शिरा वापरून संपल्या. मानेत नळी घातली, ती तुंबली. दुसऱ्या बाजूला घातली, ती पिकली. आता जांघेत एक शेवटची नळी होती आणि तीही कुरकुर करत होती. ती बंद पडली की पुढे काय, हे डॉक्टर बोलून दाखवत नव्हते आणि टाकेबाई विचारत नव्हत्या. दोन्ही बाजूंना माहीत होतं.

बर्फेकाका जेवणाच्या सुट्टीत जिना उतरताना त्यांच्या खोलीत डोकावायचे. बाई मशीनचं पायडल न थांबवता विचारायच्या, "बर्फेभाऊ, माझ्या मापाचं काही आलं का?" आणि काका म्हणायचे, की माल येतोय हो, माप जुळत नाही. हसण्यावारी न्यायचं म्हणून न्यायचे. परत जिना चढताना मात्र त्यांना धाप लागायची आणि ती वयामुळे नव्हती.

त्या दिवशी सकाळी कामावर येताच कळलं की एक किडनी येते आहे आणि टाकेबाईंच्या रक्ताशी ती जुळते आहे. पहिल्यांदाच जुळली होती. प्रयोगशाळेच्या बाईंनी खात्री पटेना म्हणून पुन्हा तपासून पाहिलं आणि मग फोन केला. पण किडनी काही फार चांगली नव्हती. देणारा माणूस उतारवयाचा, रक्तदाबाचा जुना रोगी, आणि ती बर्फातही बराच वेळ राहिलेली. दुसऱ्या दोन हॉस्पिटलांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. मोठे डॉक्टर डब्यात वाकून तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, की पेटीवर घालू, लघवी केली तर टाकेबाईंना घेऊ, नाही केली तर त्यांना काही कळताच कामा नये. हे शेवटचं शक्यच नव्हतं. बाईंना उपाशी ठेवून वरच्या मजल्यावर आणून बसवलंच होतं, आणि असल्या बाबतीत हॉस्पिटलच्या भिंतींना कान असतात तसेच पायही असतात.

काका आणि नवीनं मिळून किडनी पेटीत ठेवली. जाळीवर निजलेली ती वस्तू मुठीपेक्षा थोडी मोठी, राखाडी, मेणचट दिसत होती. रक्त सुरू झालं तसे आधी तिच्यावर ठिपके उमटले, मग ठिपके एकमेकांत मिसळले आणि कडेकडेनं गुलाबी रंग सरकत आला. वरचं टोक तेवढं बराच वेळ रुसून राहिलं. मोठे डॉक्टर खिडकीपाशी हाताची घडी घालून उभे होते. मग रुसलेलं टोकही सावरलं आणि नळीत एक पिवळसर थेंब लोंबकळला. पडू की नको असं करून तो पडला. त्याच्यामागून दुसरा. नवीनं काकांच्या दंडाला चिमटा काढला. मोठे डॉक्टर भांड्यात जमलेली ती चमचाभर लघवी एखाद्या सराफानं सोनं पारखावं तशी बघत होते. "घेऊ या," ते म्हणाले. "बाईंना खाली आणायला सांगा."

काकांचा जीव भांड्यात पडला. बाईंना खाली शेजारच्या खोलीत आणलं, अंगावर गाऊन चढवला, केसांवर टोपी घातली. नवरा धावत घरी गेला, त्यांचे कपडे आणि रात्री लागेल ते सामान आणायला. मोठे डॉक्टर तयारीला गेले. आधी बाईंचं पोट उघडायचं, जागा तयार करायची, आणि मगच किडनी पेटीतून काढायची, तोवर ती पेटीत जागीच राहणार. नवी पेटीतल्या रक्ताचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेली, ती व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती. खोलीत काका, किडनी आणि पंपाची घरघर एवढंच उरलं. काकांना इतकं बरं वाटत होतं की ते चक्क गुणगुणायला लागले.

तेवढ्यात पेटीनं भोंगा दिला.

नळीत हवेचा बुडबुडा असल्याचा इशारा पडद्यावर आला होता, आणि बुडबुडा किडनीत जाऊ नये म्हणून पेटीनं आपणहून पंप थांबवला होता. यात भिण्यासारखं काही नव्हतं. नळीवर टिचकी मारायची, बुडबुडा वर काढायचा, एक बटण दाबायचं, पंप पुन्हा सुरू. काकांनी चष्मा नाकावर घेतला, नळी बोटांत धरून वरपासून खालपर्यंत पाहिली. बुडबुडा दिसेना. टिचक्या मारल्या. बटण दाबलं. भोंगा परत वाजला. पुन्हा नळी पाहिली. जुनं थंड यंत्रही असंच करायचं. त्याला उगीच भास व्हायचे, आणि त्याच्यावर काकांकडे एक हुकमी इलाज होता. मागचं मुख्य बटण बंद करायचं, दम खायचा, परत चालू करायचं. शंभरातल्या नव्वद वेळा तरी यंत्र ताळ्यावर यायचं, आणि किडनी तोवर बर्फगार औषधात निवांत पडून राहायची. काकांचा हात पेटीच्या मागे गेला. त्यांनी तो पाठवला नव्हता, तो आपला गेला, अंधारात जिन्याचा कठडा सापडावा तसा. बटण बंद झालं. भोंगा थांबला. खोलीत शांतता झाली, आणि त्या शांततेचंही काकांना बरंच वाटलं. त्यांनी दम खाल्ला आणि बटण चालू केलं.

पेटी उठली. पण गरम पेटी उठली की आधी स्वतःची तपासणी करते, हे काकांना शिकवलेलं होतं, परीक्षेत त्याचं उत्तरही त्यांनी बरोबर लिहिलं होतं. उष्णता ठीक. प्राणवायू ठीक. एकेक हिरवी खूण पडद्यावर सावकाश उमटत होती, आणि तपासणी संपेपर्यंत पंप फिरत नाही. आता होईल, काका मनात म्हणत होते. आता होईल. एवढी शेवटची खूण. मग त्यांचं लक्ष जाळीकडे गेलं. गुलाबी रंग उडाला होता. किडनी आधी मातकट आणि मग जांभळी पडत चालली होती, श्वास कोंडल्यावर ओठ पडतात तशी.

बर्फाची बादली त्यांच्या पायाशी होती. झाकणही उघडं होतं. जन्मभर ज्यांनी बर्फाशिवाय दुसरं काही केलं नाही, ज्यांच्या नावात बर्फ, त्यांना त्या वेळी बर्फ आठवला नाही. ते पडद्यावरच्या खुणांकडे बघत उभे राहिले. पळापळ करायची म्हणजे काय करायचं, हे त्यांच्या हातापायांना ठाऊकच नव्हतं. किती वेळ गेला ते त्यांना नेमकं सांगता आलं नसतं, पण थोडा नव्हता. एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पंप फिरला. रक्त आत शिरलं. किडनी हळूहळू पुन्हा गुलाबी झाली, एका बाजूला दोनचार गडद डाग राहिले, पण झाली. नवी आली तेव्हा सगळं चालू होतं. तिनं येताच भांड्याकडे पाहिलं, मग डागांकडे, मग पडद्याकडे. पडद्यावरचा रक्तप्रवाहाचा आलेख नुकताच जन्मल्यासारखा डावीकडून सुरू झाला होता. बटण बंद केलं की मागचं सगळं पुसलं जातं. नवीचा चेहरा उतरला.

"पंप थांबला होता?" तिनं विचारलं.

काकांनी मान हलवली.

"किती वेळ?"

नवीनं दाराकडे पाहिलं, दार ओढून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, आलेख पुसला गेलाय. मी इथे नव्हते. तुम्ही सांगाल तेवढाच वेळ." मग तिनं वळून उगीचच नळ्या तपासायला घेतल्या. तिलाही टाकेबाई हव्या होत्या. तिच्या लग्नातल्या पोलक्याची बाही त्यांनीच आत घेऊन दिली होती.

तेवढ्या अवधीत काकांच्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायचं तर ते स्वतःही धड सांगू शकले नसते. क्षणभरच थांबला होता, एवढं म्हणणं पुरेसं होतं. किडनी गुलाबी होती. थेंबही एखाददुसरा पडत होता. आत झालेली इजा इतक्या लवकर वरून दिसत नाही, तुकडा काढून भिंगाखाली धरला तरी दिसत नाही. ती दिसते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बाईंच्या पोटात. कदाचित दिसायचीही नाही. किडन्या चिवट असतात, काकांनी किती तरी मेलेल्या समजलेल्या किडन्या उठून बसलेल्या पाहिल्या होत्या. आणि कदाचित ही उठायचीच नाही. मग त्या झिजलेल्या शरीरात, त्या थकलेल्या हृदयावर एवढं मोठं ऑपरेशन फुकट, वर शरीराची झुंजायची ताकद मारणारी औषधं, आणि रक्ताला आणखी एक कडवट धडा. टेबलावरच काही झालं तर? झालं तर ते कुणाच्या हातून झालं असतं, हे एका माणसाला कायम ठाऊक राहणार होतं. खरं सांगावं म्हणून काकांनी खरं सांगितलं, की हे ओझं वाहवणार नाही म्हणून, याचा निवाडा कुणी करायचा?

मोठे डॉक्टर आत आले. हात धुऊन, कोपरापासून वर धरून आले होते. त्यांची नजर थेट डागांवर गेली. त्यांनी विचारलं आणि काकांनी सांगितलं. बुडबुड्याचं सांगितलं, मुख्य बटण बंद केल्याचं सांगितलं, तपासणी पुरी होईपर्यंत थांबून राहिल्याचं सांगितलं. "बर्फ होता शेजारी," ते म्हणाले. "मी तिला त्यात घातली नाही." नवी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

डॉक्टरांचे वर धरलेले हात हळूहळू खाली आले. रागावले असते तर काकांना सोसवलं असतं. डॉक्टर पेटीपाशी गेले, बराच वेळ वाकून राहिले. चांगली, तरुण किडनी असती तर घेतली असती, ते म्हणाले. ही आधीच मेटाकुटीला आलेली, तिच्यावर हा घाव. आणि बाईंच्यात एक चूक पचवायचीही ताकद नाही. नाही घेता येणार. जाताना दारात थांबून ते म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत." हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच ते काकांच्या वर्मी लागलं. नवीनं पंप बंद केला. पेटीनं या वेळी काही तक्रार केली नाही.

शेजारच्या खोलीत जाऊन मोठ्या डॉक्टरांनी बाईंना किडनी चांगली निघाली नाही म्हणून सांगितलं. कुणाकडेही बोट दाखवलं नाही. तो त्यांचा मोठेपणा होता, आणि काकांनी मूग गिळून बसायचं ठरवलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण झालेलं मनात ठेवून ते घरी जाऊ शकत नव्हते. ते त्या खोलीत गेले.

टाकेबाई खाटेवर उठून बसल्या होत्या. टोपी अजून डोक्यावरच होती. अंगातल्या गाऊनच्या खांद्याला ठिगळ होतं, तेही त्यांनीच कधीतरी लावलेलं. काकांना पाहून त्यांनीच उलट धीर द्यायला सुरुवात केली. म्हणाल्या, बसा बर्फेभाऊ, तोंड किती उतरलंय तुमचं. मेलीला आमचं घर पसंत पडलं नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार. तेवढं बोलायलाही त्यांना दम लागत होता. पायांवर सूज चकाकत होती. चादर सारखी करताना त्यांनी तोंडावरचं हसू तेवढं सोडलं नाही, आणि काकांना एकदम कळलं की ही बाई हसते आहे ती आपल्यासाठी.

"ती पसंत होती," काका म्हणाले. "मी मारली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खाली मान घालून, काही न वगळता सांगितलं. टाकेबाई ऐकत होत्या. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. शिवताना दोरा तुटला की त्या टोक शोधायला डोळे बारीक करायच्या, तसे त्यांनी डोळे बारीक केले होते.

"पंप परत सुरू झाल्यावर ती कशी दिसत होती?" त्यांनी विचारलं.

"गुलाबी. डाग होते थोडे."

"मग डॉक्टरांना कसं कळलं, की एवढा वेळ बंद होता?"

"मी सांगितलं."

"आणि नसतं सांगितलं तर?"

काकांना उत्तर येत होतं. "तर तुम्ही आत्ता टेबलावर असतात."

बाहेरून कुणीतरी चाकांची खाट ढकलत नेली, तिचा खडखडाट दूर गेला. मग काका घाईघाईनं बोलायला लागले, जन्मात कधी केली नव्हती तेवढी घाई. की ती चालली नसती, की बहुतेक चाललीच नसती, की तुमच्या हृदयाला हे सोसलं नसतं, तुम्ही टेबलावरच गेला असतात, आणि ते पाप...

"पण मी गेले असते ना," टाकेबाई म्हणाल्या. "माझी मी गेले असते. बेशुद्ध असताना, आता आपलं बरं होणार असं मनात धरून गेले असते. ते तुम्ही ठरवलंत. मला विचारलंत? बाजूच्याच खोलीत होते मी." त्यांनी टोपी काढली. खालचे विरळ केस घामानं कपाळाला चिकटले होते. "ही जांघेतली नळी किती दिवस चालणार आहे, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. पुन्हा माझ्या रक्ताला रुचेल अशी येणार नाही, तेही माहीत आहे. मग वाचवलंत कुणाला? फेकूनच दिलीत ना ती शेवटी? मग माझ्यात फेकायची होती."

माफी मागायला म्हणून काका आले होते, आणि कशाची मागायची तेच आता त्यांना कळेना. बटणाची, की खरं बोलण्याची? मनात कुठेतरी ते समजून चालले होते की चूक केली ती केली, पण निदान एक गोष्ट तरी आपण नीट केली. तेवढाही आधार पायाखाली राहिला नाही. खाटेच्या कठड्याला धरून ते उभे राहिले.

दार उघडलं आणि बाईंचा नवरा आत आला. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात उशी. घरी जाऊन तो आंघोळ करून आला होता, केस ओले होते, ठेवणीतला शर्ट घातला होता. वाटेत त्याला कुणी भेटलं नव्हतं, किंवा भेटलं त्यांनी तोंड चुकवलं होतं. काकांच्या अंगावरचे ऑपरेशनचे हिरवे कपडे पाहून त्याचा चेहरा उजळला.

"न्यायला आलात होय?" तो म्हणाला. "मला वाटलं, मला उशीरच झाला. हिची उशी आणली. हिला दुसऱ्या उशीवर झोप येत नाही."

टाकेबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "सांगून टाकलं की तुम्हाला मोकळं वाटतं ना. सांगा."

नवरा एकदा बायकोच्या पाठीकडे, एकदा काकांकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, त्याला ते उतरवायचं अजून सुचलं नव्हतं. काकांनी त्याच्या हातातली उशी घेतली, ती कुठे ठेवावी ते न कळून छातीशी धरली, आणि सांगायला सुरुवात केली.